समुद्राचे कृमी, घाटावरची नावं

सुक्या बोंबलात जिवंत कृमी सापडत नाही. वलांडीवर टांगलेल्या माशातलं पाणी ऊन-वाऱ्यानं ओढून घेतलं की त्याच्या पोटात नि मांसात जे काही वळवळत असेल त्याचाही निकाल लागतो. नाशिकला समुद्र पिढ्यान्‌पिढ्या भेटला तो याच रूपात: सुके बोंबील, सुकट, वाकट्या, खारवलेल्या मुशीचे तुकडे. कोकणातून मीठ आणि सुकी मासळी घाट चढायची, देशावरून धान्य उतरायचं. बाजरीच्या भाकरीबरोबर सुकटाची चटणी खाणाऱ्या घराला समुद्रातल्या माशाच्या अंगात आणखी कुणी राहतं हे कळायचं कारणच नव्हतं. सुक्या मासळीत कधी अळ्या पडतात, पण त्या माशांच्या आणि भुंगेऱ्यांच्या. साठवणीत लागतात, समुद्रातून येत नाहीत.

१८६५ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीला पोचली आणि ओल्या मासळीला नाशकापर्यंतची वाट मोकळी झाली. वाट झाली म्हणून मासा लगेच आला असं मात्र नाही. मुंबईत बर्फ १८३४ पासून अमेरिकेहून जहाजांनी येत होता, पण तो साहेबाच्या पेल्यासाठी. मासळीच्या पाटीवर तो घालायची कुणाची ऐपत नव्हती. ससून डॉक १८७५ मध्ये बांधून झाला, तोही व्यापारी जहाजांसाठी. कोळ्यांच्या होड्यांना इंजिनं बसली, गावोगाव बर्फाचे कारखाने निघाले आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरून रात्रीच्या गाड्या मासळी घेऊन धावू लागल्या त्या स्वातंत्र्यानंतर. जुन्या नाशकातल्या गिऱ्हाइकाला समुद्राचा मासा डोळे, कल्ले, आतडी यांसकट रोजच्या रोज दिसू लागला त्याला माझ्या हिशेबानं फार तर तीन पिढ्या झाल्या असतील. अख्खा मासा घरात आला, तसं त्याच्या अंगात राहणारंही घरात आलं.

त्यातला सगळ्यांत धीट म्हणजे हलवा माशाच्या तोंडातला. हलव्याचा जबडा बोटानं उचकटून पाहिला तर कधीकधी जिभेवर एक फिकट पिवळसर प्राणी ठाण मांडून बसलेला असतो. लांबी दोन-अडीच सेंटिमीटर, पाठीवर एकाआड एक पट्ट्या, दोन्ही बाजूंना मिळून सात जोड्या पाय आणि प्रत्येक पायाच्या टोकाला आकडा. तोंड बहुधा बाहेरच्या बाजूला, त्यामुळे मासा उघडणाऱ्याकडे तो चक्क बघत असतो. शास्त्रज्ञ त्याला सायमोथोआ एरेमिटा म्हणतात. हे नाव १७८३ मधलं, ब्रुनिख नावाच्या डॅनिश माणसानं दिलेलं. हा कृमी नव्हे. कोळंबी-खेकड्यांच्या कुळातला दूरचा भाऊबंद आहे. तोंडात बसलेली असते ती मादी. नर तिच्यापेक्षा लहान आणि बहुतेकदा कल्ल्यांपाशी. गंमत अशी की या कुळात प्रत्येक मादी आधी नर असते, मोठी झाल्यावर मादी होते. तिच्या पोटाखालच्या पिशवीत कधी कधी पिल्लांची दाटी असते.

"मावशी, हे काय बसलंय तोंडात?"

"काही नाही हो दादा, त्यातलंच असतं ते. डोकं काढूनच देते मी."

डोकं निघतं आणि प्रश्नही मिटतो. मासळीवाल्या मावशींचं चूक नाही; या प्राण्यापासून माणसाला काही होत नाही.

खरी शंका येते ती घरी, सुरमईची किंवा बांगड्याची तुकडी धुताना. मांसात पांढरट, तांदळाएवढे दाणे दिसतात. सुरीच्या टोकानं दाणा फोडला तर आत दुधी रंगाची इवलीशी अळी निघते. बारकाईनं पाहिलं, भिंग असेल तर उत्तमच, की तिच्या डोक्यातून चार बारीक सोंडा बाहेर येताना दिसतात. प्रत्येक सोंडेवर आकड्यांच्या ओळी. ही पट्टकृमीची अळी. मांसात ती वाढत नाही, अंडी घालत नाही, नुसती वाट पाहत असते. तिला हवी असते मुशी किंवा पाकट. मुशीनं हा बांगडा गिळला की अळी मुशीच्या आतड्यात जाऊन सोंडा रोवते, लांब होते, तिथंच संसार करते. माणसानं बांगडा मध्येच उचलला की तिचा प्रवास कढईत संपतो. मासळी बाजारात सुरमईच्या पाटीशेजारी मुशीची पाटी असते, तेव्हा एकाच किड्याच्या आयुष्याची दोन टोकं तिथं शेजारी शेजारी मांडलेली असतात. हे कळायला जगाला बराच वेळ लागला, आणि ते कळलं तेही मासे खाणाऱ्यांच्या काळजीपोटी नव्हे. मोत्यांपोटी.

सिलोन आणि भारत यांच्या मधल्या मन्नारच्या आखातात मोत्यांचे शिंपले काढायचा धंदा फार जुना. सरकारला त्यातून चांगलं उत्पन्न मिळायचं, पण शिंपले कधी भरभरून सापडायचे, तर कधी वर्षानुवर्षं तळ रिकामा. कारण शोधायला १९०२ मध्ये लिव्हरपूलचे प्राध्यापक विल्यम हर्डमन सिलोनला आले आणि सोबत जेम्स हॉर्नेल नावाचा सागरशास्त्रज्ञ आला. हर्डमन परतले, हॉर्नेल राहिला. त्यांचा पाच खंडांचा अहवाल रॉयल सोसायटीनं १९०३ ते १९०६ दरम्यान छापला. त्यातल्या कृमींचा भाग केंब्रिजच्या आर्थर शिपली यांनी हॉर्नेलसोबत लिहिला. मोती कापून पाहिले तर काहींच्या मध्यभागी पट्टकृमीच्या अळीचे अवशेष मिळाले. मग सिद्धान्त उभा राहिला: शिंपल्यात शिरलेल्या अळीभोवती शिंपला मोत्याचं आवरण चढवतो, आणि या अळीचं पुढचं आयुष्य शिंपले फोडून खाणाऱ्या पाकटांच्या पोटात जातं. म्हणून शिपली आणि हॉर्नेल यांनी सिलोनच्या किनाऱ्यावर मिळतील तेवढे पाकट आणि मुशी कापायला घेतल्या. मोती पैदा करणारा कृमी शोधता शोधता त्यांना ढीगभर अनोळखी कृमी मिळाले आणि त्यांनी नव्या वंशांची नावं छापली. त्यातलं एक टेट्रागोनोसेफॅलम, १९०५ मधलं. हे नाव लक्षात ठेवावं. पुढं ते मराठवाड्यात येणार आहे.

मोत्यांच्या बाजूचं मात्र हसं झालं. सिलोन सरकारनं १९०६ पासून वीस वर्षांच्या करारानं शिंपले एका इंग्रज कंपनीला दिले. १९०७ नंतर शिंपले दिसेनासे झाले, आणि कंपनी काही वर्षांत गुंडाळली गेली. तिकडं प्राणिशास्त्रज्ञ लिस्टर जेमसन यांनी १९१२ मध्ये मोती पुन्हा तपासून दाखवलं की बहुतेक मोत्यांच्या पोटात कृमीबिमी काही नसतो, आणि ज्या अळीला मोतीकर्ती ठरवलं होतं ती हर्डमन-हॉर्नेल समजले होते त्या जातीची नाहीच. त्यांनी तिला नवं नाव दिलं, ज्याचा अर्थ होतो फसवणारी. शास्त्रज्ञांचे टोमणे असे लॅटिनमध्ये असतात.

हॉर्नेलचं पुढचं काम आपल्या जरा जवळचं. बडोदा संस्थानच्या ताब्यातला ओखामंडळ, म्हणजे द्वारका आणि बेट यांचा परिसर. तिथल्या समुद्रात काय काय आहे आणि त्यातून संस्थानाला उत्पन्न काढता येईल का, हे बघायला महाराजांनी हॉर्नेलला बोलावलं. १९०५-०६ च्या हंगामात त्यानं पाहणी केली. त्याचा अहवाल दोन भागांत, १९०९ आणि १९१६ मध्ये, लंडनला छापला गेला आणि तो अजूनही उघडून बघण्यासारखा आहे. हे महाराज म्हणजे सयाजीराव गायकवाड. मूळचे गोपाळ, नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा, १८७५ मध्ये दत्तक जाऊन गादीवर बसलेला. त्यांनी शिक्षणासाठी, ग्रंथालयांसाठी काय केलं हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. समुद्राच्या तळातल्या जिवांची यादी करवून घेण्यावर त्यांनी संस्थानाचा पैसा घातला, ही गोष्ट मात्र त्यांच्या चरित्रांत एखाद्या ओळीवर भागते. माझ्या मते ती त्याहून मोठी आहे. मालेगावकडच्या कोरडवाहू गावातून आलेल्या माणसाला ओखामंडळच्या शिंपल्यांचं कुतूहल वाटावं, यातच पुढच्या सगळ्या गोष्टीची नांदी आहे. आपल्याकडं समुद्री माशांतल्या कृमींचा अभ्यास पुढं मुख्यतः घाटावरच्यांनीच केला.

अर्थात मधे काही दशकं गेली, आणि त्यात काम झालं ते दुसरीकडं. सिलोनच्या मोत्यांच्या कामातूनच आलेला थॉमस साउथवेल बंगालच्या मत्स्यखात्यात गेला. त्यानं फौना ऑफ ब्रिटिश इंडिया मालेत पट्टकृमींचे दोन खंड १९३० मध्ये लिहिले आणि पुढची निदान तीस वर्षं भारतात कृमी ओळखायचा म्हणजे साउथवेल उघडायचा असं ठरून गेलं. बी. एस. चौहान यांनी चाळीसच्या दशकात समुद्री माशांतल्या चपट्या कृमींवर लेखमाला लिहिली. लखनौला गोविंदसिंग थापर यांनी कृमींसाठीच वेगळं नियतकालिक काढलं. त्यात १९५५ मध्ये सी. के. सुभाप्रदा यांचा मद्रास किनाऱ्यावरच्या माशांतल्या पट्टकृमींवरचा दीर्घ निबंध आला.

मुंबईत याच काळात मुशी भरपूर कापल्या जात होत्या, पण वेगळ्या कारणासाठी. दुसऱ्या महायुद्धात कॉड माशाच्या तेलाची आयात अडली आणि सरकारनं मुशीच्या यकृताचं तेल काढायला घेतलं. मत्स्यखात्याचे सेटना आणि सारंगधर यांनी त्याच सुमाराला मुंबईच्या मुशी-पाकटांच्या गर्भावस्थेवर सुरेख काम केलं. आईच्या पोटातली पिल्लं कशी पोसली जातात याचा तो बारकाईनं केलेला अभ्यास. आतड्यातले कृमी हा त्यांचा विषय नव्हता. यकृत तेलाच्या भट्टीत गेलं, गर्भ बाटल्यांत गेले, मांस बाजारात गेलं आणि आतडं गेलं समुद्रात.

मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला सुरू झालं. जवळचा समुद्र शेकडो किलोमीटरवर, आणि तरीही पुढच्या तीस-चाळीस वर्षांत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या माशांतले कृमी सर्वांत जास्त संख्येनं वर्णिले गेले ते इथल्या प्राणिशास्त्र विभागातून आणि त्याला जोडलेल्या बीड, नांदेड, अंबाजोगाईसारख्या गावांतल्या महाविद्यालयांतून. या साऱ्याच्या मध्यभागी जी. बी. शिंदे होते, सोबत बी. व्ही. जाधव, आर. ए. देशमुख, एल. एन. चिंचोळीकर आणि आणखी बरेच. शेळी-मेंढी, कोंबडी, गोदावरीतले मासे, आणि सुट्टी लागली की रत्नागिरी, वेरावळ, मुंबई. गोदावरीचं नावही त्यांनी एका कृमीला दिलं: सेंगा गोदावरी, १९८०, वाम माशातला. नदी नाशिक जिल्ह्यात उगम पावते म्हणून त्या नावात आपलाही थोडा वाटा आहे असं नाशिककरांनी मानायला हरकत नाही.

काम कसं चालायचं ते सांगण्यासारखं आहे, कारण छापलेल्या निबंधात ते दोन ओळींत उरकतात. बंदरावर पाकट विकत घ्यायचा, नाहीतर कापणाऱ्याला गाठून आतडं मागून घ्यायचं. ते तो फेकणारच असतो. पाकटाचं आतडं बाहेरून आखूड, जाड नळीसारखं दिसतं, पण उभं चिरलं की आत पडद्याची गुंडाळी निघते, वाड्यातल्या गोल जिन्यासारखी, वरपासून खालपर्यंत फिरत गेलेली. अन्न या जिन्यानं उतरतं, आणि कृमी पायरीपायरीला चिकटून असतात. वरच्या फेऱ्यात एक जात, खालच्या फेऱ्यात दुसरी. काही बोटभर लांबीचे असतात, पण काही धाग्याच्या तुकड्याएवढेच, म्हणून मिठाच्या पाण्यात आतडं हळूहळू खळखळवायचं आणि खाली बसलेला गाळ काळ्या थाळीत ओतून बघायचा. सापडलेला कृमी फॉर्मलिनमध्ये. मग बाटली रुमालात गुंडाळून एसटीनं घाट चढायची. विभागात आल्यावर हिमॅटॉक्सिलिनमध्ये रंगवणं, चढत्या ताकदीच्या अल्कोहोलमधून पाणी काढणं, झायलॉलमध्ये पारदर्शक करणं, काचपट्टीवर बसवणं. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा ल्युसिडा लावून एका डोळ्यानं कृमी आणि दुसऱ्यानं कागद बघत पेन्सिलीनं आकृती काढायची. डोकं किती रुंद, चोषकांचा व्यास किती, एका खंडात वृषणं किती. वृषणं मोजण्यात संध्याकाळ जायची. आणि हे सगळं ज्या आकृतीत उतरायचं ती पोस्टानं इटलीला जायची. देशमुखांनी १९७९ मध्ये फ्लॅपोसेफॅलस हा नवा वंश जाहीर केला तो रिव्हिस्ता दि पारासितोलोजिया या इटालियन नियतकालिकात.

शिपली-हॉर्नेल यांचा टेट्रागोनोसेफॅलम याच टेबलांवर पुन्हा उगवला. चार चोषक आणि त्यांच्या मधोमध मोठा गोल गोळा असं डोकं असलेला, पाकटांच्या आतड्यातला हा लहानसा कृमी. देशमुख आणि शिंदे यांनी १९७९ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या माशांतून त्याच्या तीन नव्या जाती वर्णिल्या. १९८५ मध्ये आणखी नावं आली आणि त्यातलं एक शिपलेयी: सिलोनच्या मोत्यांमागं लागलेल्या केंब्रिजच्या साहेबाला ऐंशी वर्षांनी औरंगाबादेहून केलेला नमस्कार. १९९० मध्ये एकीचं नाव रत्नागिरीवरून, दुसरीचं औरंगाबादेन्सिस. शहराचं नाव पुढं बदललं, ते आता छत्रपती संभाजीनगर आहे; पण प्राणिशास्त्राचे नियम नावं बदलू देत नाहीत, त्यामुळे जुनं नाव एका समुद्री कृमीच्या पाठीवर कायमचं राहिलं. हे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात मराठवाड्याबद्दलचा अभिमान असावा. दूरच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकानं आपल्या गावाला जगाच्या यादीत आणायचं ठरवलं तर त्याच्या हातात दुसरं काय असतं? लेणी अजिंठा-वेरुळवाल्यांनी आधीच घेतलेली.

मात्र कौतुकाबरोबर एक गोष्ट सांगायलाच हवी. नावं इतक्या वेगानं वाढली की पडताळणी मागं पडली. नवी जात जाहीर करताना जो नमुना दाखवला जातो तो कुठल्याशा मोठ्या संग्रहालयात ठेवणं अपेक्षित असतं, म्हणजे पुढचा माणूस तो मागवून बघू शकतो. यातले बरेच नमुने विभागांच्या कपाटांत राहिले आणि नंतरच्यांना मिळाले नाहीत. आकृतीवरून दोन जातींत फरक दिसावा तर आकृत्याही अनेकदा कमी पडतात. मिठाच्या पाण्यात जास्त वेळ राहिलेला कृमी फुगतो, दाबून बसवलेला कृमी रुंद होतो. मग मापं वेगळी येतात आणि वेगळी मापं म्हणजे वेगळी जात असं होऊन बसतं. टेट्रागोनोसेफॅलम ज्यात येतो त्या गणाचा समग्र ग्रंथ कर्स्टन येन्सन यांनी २००५ मध्ये लिहिला. जॅनिन केरा आणि त्यांनी मिळून चालवलेल्या जागतिक मोहिमेचा मोठा ग्रंथ २०१७ मध्ये आला. दोन्हींत भारतातून वर्णन झालेल्या कित्येक नावांपुढं प्रश्नचिन्ह आहे: चूक म्हणून नव्हे, तपासता येत नाहीत म्हणून. पदव्या आणि बढत्या निबंधांच्या संख्येवर मिळत असतील तर संख्या वाढणारच. हा दोष एकट्या मराठवाड्याचा नाही, पण पट्टकृमींत तो ठळक दिसतो एवढं खरं.

त्यात आता यजमानांचीही, म्हणजे कृमी ज्यांच्या पोटात राहतात त्या माशांचीही, नावं हलली आहेत. जुन्या निबंधांत कृमी कुठल्या माशात मिळाला तर ट्रायगॉन सेफेन, ट्रायगॉन झुगेई, डॅसियाटिस वाल्गा असं लिहिलेलं असतं. ट्रायगॉन हे नाव आता कुणी वापरत नाही. शिवाय पाकटांच्या वर्गीकरणाची गेल्या दहा-पंधरा वर्षांत अशी उलथापालथ झाली की ठिपक्यांचा म्हणून एकच समजला जाणारा पाकट आता तीन-चार वेगवेगळ्या जातींत वाटला गेला आहे. पट्टकृमी यजमानाच्या बाबतीत फार चोखंदळ असतात. एका पाकटाचा कृमी शेजारच्या पाकटात सहसा सापडत नाही. तेव्हा पाकट कोणता होता हेच नक्की नसेल तर कृमीचं पान अर्धं कोरं राहतं.

या सगळ्या काळात मासे खाणाऱ्याला या शास्त्रातून काय मिळालं? जवळजवळ काहीच नाही. शास्त्रज्ञ आतडी बघत होते, गिऱ्हाईक मांस बघत होतं. मांसात दाणे दिसले की काय समजायचं, हे सांगणारं मराठी पान अख्ख्या शतकात कुणी घरोघरी पोचवलं नाही. त्यासाठी दुसऱ्या समुद्राकडं पाहावं लागतं.

१९५५ मध्ये हॉलंडमध्ये पोटात भयंकर कळ येऊन एक रुग्ण दवाखान्यात गेला. आतड्याच्या भिंतीत घुसलेला गोल कृमी मिळाला. पुढं आणखी रुग्ण आले. १९६० मध्ये व्हान टील आणि सहकाऱ्यांनी तो कृमी ओळखला आणि दोष हेरिंग माशावर ठेवला. डच माणूस हेरिंग किंचित खारवून, जवळपास कच्चाच खातो. या ॲनिसाकिस कृमीची मोठी अवस्था देवमासे नि डॉल्फिनच्या जठरात असते, अळ्या माशांत. मासा मेल्यावर वेळ गेला की काही माशांत त्या पोटातून मांसात उतरतात, म्हणून मासा पकडल्यावर लगेच साफ करणं महत्त्वाचं. १९६८ मध्ये हॉलंडनं कायदाच केला की हेरिंग बाजारात यायच्या आधी उणे वीस अंशांवर चोवीस तास गोठवलाच पाहिजे. रुग्ण जवळजवळ थांबले. आज युरोपात कच्च्या माशासाठी हाच नियम आहे. अमेरिकेत उणे वीसला सात दिवस, किंवा उणे पस्तीसला पंधरा तास. शिजवायचं तर साठ अंशांवर मिनिटभर पुरतं, आणि मालवणी रस्सा किंवा रव्यात घोळवलेली सुरमई त्याच्या कितीतरी पुढं जाते.

म्हणूनच आपल्याकडं हा आजार गाजला नाही. आपल्या स्वयंपाकाला त्याचं श्रेय आहे, आपल्या तपासणीला नाही. मुंबई-पुण्यात सुशीची दुकानं वाढताहेत तिथं मात्र हा हिशेब बदलतो, आणि घरच्या फ्रीजवर विसंबून बांगडा कच्चा खाऊ नये हे बजावलेलं बरं. फ्रीज उणे वीसला पोचतोच असं नाही. गोठवलेल्या तुकड्यांसाठी आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात एक व्यवहार्य आकडा आहे: एका किलोत तीन मिलिमीटरहून मोठ्या कोशातले, किंवा कोशाबाहेर दहा मिलिमीटरहून लांब, असे दोन किंवा जास्त परजीवी असतील तर माल सदोष. म्हणजे एक दाणा दिसला तर जगानं मासा फेकून दिलेला नाही. जागा कापून टाकायची आणि तुकडी तव्यावर टाकायची. हेच नाशिकच्या बाजारातल्या मावश्या न शिकता सांगतात.

या कृमींच्या मूळ घरांची, म्हणजे मुशी-पाकटांची, स्थिती मात्र बिकट आहे. व्हेल शार्क आणि मोजक्या जाती २००१ मध्ये वन्यजीव कायद्यात आल्या होत्या. २०२२ च्या दुरुस्तीनं ती यादी बरीच वाढवली आणि २०२३ पासून ती लागू आहे. मासेमारी अतोनात झाल्यानं मोठे पाकट जाळ्यात कमी येतात, त्यामुळे हे व्हायलाच हवं होतं. पण जे कृमी फक्त त्यांच्याच आतड्यात राहतात तेही त्यांच्याबरोबर कमी होणार, आणि त्यांना कुठल्याच यादीत जागा नाही.

औरंगाबादेन्सिस खरंच वेगळी जात आहे का, हे पाहायचं तर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर पहाटे जाऊन कायद्याच्या संरक्षित यादीत नसलेला पाकट घ्यावा लागेल. आधी त्याचा वरून आणि खालून फोटो, मग त्याच्या मांसाचा बोटभर तुकडा अल्कोहोलमध्ये, म्हणजे पाकट कोणता यावर नंतर वाद नको. कृमींतले निम्मे अल्कोहोलमध्ये, जनुकं वाचायला. निम्मे फॉर्मलिनमध्ये, रंगवायला आणि वृषणं मोजायला. आणि एक काचपट्टी कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडं, क्रमांक घालून.